पांढऱ्यात पांढरं

धोंडीदादांनी कुणाच्या हातात फोटो दिला की लगेच ओरडायचे, "काठाला धरा, काठाला!" समोर गावचा पाटील असो, कचेरीतला कारकून असो की त्यांचा सख्खा मेहुणा असो, त्यात फरक नाही. फोटोच्या मधोमध कुणी अंगठा टेकवलेला त्यांना खपायचा नाही. माझे यजमान एकदा जिलबी खाता खाता फोटो बघायला उठले, तर दादांनी त्यांना सरळ रांजणाकडे हात धुवायला पाठवलं. घरात माझ्यावर आवाज चढवणारा तो माणूस, पण गेला गुपचूप. मला तर फार बरं वाटलं.

औंढ्याला आमचं आणि त्यांचं घर समोरासमोर होतं. मधून बोळ जायची आणि बोळीच्या टोकाला, उगवतीच्या अंगाला, नागनाथाचं देऊळ. खालचा भाग काळ्या दगडाचा, त्यावर हत्ती, माणसं, देवदेवता कोरलेल्या. वरचं शिखर मात्र चुन्यानं पांढरंशुभ्र. जुनं शिखर कधीकाळी गेलं आणि हे मागून बांधलं, असं म्हातारी माणसं सांगायची. दोन्ही घरांच्या ओट्यांवरून ते शिखर दिसायचं. आम्हाला त्याची इतकी सवय की मुद्दाम मान वर करून कुणी बघत नसे. बघणारी माणसं दोनच, धोंडीदादा आणि त्यांची बायको, आमच्या गोदावैनी.

दादा उंच होते आणि फोटोच्या पेटीवरच्या काळ्या कापडात शिरून शिरून थोडे पुढं वाकले होते. बोटांची टोकं औषधांनी तपकिरी झालेली. हैदराबादेला एका फोटोवाल्याच्या हाताखाली उमेदीची वर्षं काढून ते गावी परतले होते. घरातून बाहेर पाऊल टाकलं की आधी वर आभाळाकडे बघायचे. त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं, यांना हवामान कळतं. शेतकरी विचारायचे, "दादा, येईल का हो पानी?" दादा म्हणायचे, "पान्याचं मला इचारू नका. उजेडाचं इचारा."

त्यांच्याशी माझी ओळख लग्नाआधीची, आणि खरं म्हणजे माझं लग्न त्यांच्यामुळेच झालं. मी डोंगरकड्याची. नाव सुंदरा आणि तोंडभर देवीचे व्रण. आईबापांनी नाव ठेवताना जरा थांबायला हवं होतं. महाशिवरात्रीच्या जत्रेत दादा राहुटी टाकून बसायचे. वडिलांनी मला तिथं नेलं, स्थळांकडे पाठवायला फोटो हवा होता. काढून झाल्यावर वडील हळूच म्हणाले, "मास्तर, तेवढे खड्डे पुसून टाका. नांदेडला पुसून देतात म्हनं."

"देतात," दादा म्हणाले. "आमी देत न्हाई."

"काहून?"

"देवीनं दिलंय, ते मी कोन पुसनार? अन् पाहुने बघायला येतील तवा पोरीला कुठं लपवनार?"

वडील भडकले, पण जत्रेत दुसरा फोटोवाला नव्हता. फोटो होता तसाच फिरला. चार घरांतून परत आला. शेवटी दादांच्या समोरच्याच घरात पोचला, आणि माझ्या सासूबाई म्हणाल्या, "जे हाय ते दिसलं. मग आता बघायचं काय राहिलं?" मी औंढ्याला आले ती अशी. आरशासमोर उभं राहून पुष्कळदा रडलेली मी, पण तो फोटो हातात घेताना कधी लाज वाटली नाही.

लग्न होऊन थोडे दिवस झाले असतील, तेव्हा दादांनी देवळाचा पहिला फोटो काढला. माहेरवाशिणी, लांबचे भाविक, सगळे मागायचे म्हणून काढला. कागद ओट्यावर वाळत घातला होता. पाण्याला निघालेल्या बायका वाकून बघू लागल्या आणि एकजण किंचाळली, "अगं बाई, शिखर कुठंय?"

खरंच नव्हतं. खाली काळा दगड, हत्तीची सोंडसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि त्याच्यावर नुसता कोरा पांढरा कागद. देवळाचं मुंडकं उडवल्यासारखं. मग जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. अख्खी बोळ हंडे-कळश्या टाकून देवळाकडे पळाली, शिखर जागेवर आहे का बघायला. मीही पळाले, खोटं कशाला सांगू? एकदा शिखर गेलेलं देऊळ ते, पुन्हा जायला काय वेळ, असं सगळ्यांच्या पोटात होतं. शिखर होतं. वर एक घार फिरत होती. तरी म्हाताऱ्या माणसांनी बसून निकाल दिला की पेटीनं शिखराचं तेज ओढलं. दादांनी अभिषेक घालावा आणि पेटीचं तोंड पुन्हा देवळाकडे करू नये. दादांनी अभिषेक घातला. दुसरं काही त्यांनी ऐकलं नाही.

मला त्यांनी समजावून सांगितलं होतं. "सुंदरे, आभाळ निळं अन् शिखर पांढरं, हे तुझ्या डोळ्याला. माझ्या काचेला निळं बी पांढरंच दिसतं. शिखर गेलं न्हाई कुठं. पांढऱ्यात पांढरं बुडालं."

त्या दिवसापासून त्यांना त्या शिखराचं वेड लागलं. आभाळासमोर उभं असलेलं शिखर काचेवर उतरलं पाहिजे, बस्स. पहाटे बघून झालं, भर दुपारी झालं. कुणी सांगितलं म्हणून पिवळी काच मागवून पेटीच्या डोळ्यावर लावली. ज्यांवर फोटो उतरायचा त्या त्यांच्या साध्या काचेच्या प्लेटींना पिवळा उजेड कळतच नव्हता, त्यामुळे नुसता अंधार आला. एकच वाट उरली होती. मागं उगवतीला काळंकुट्ट आभाळ भरून यावं आणि त्याच वेळी मावळतीचं ऊन शिखरावर पडावं. असं आभाळ वर्षातून एखाददुसऱ्या वेळी यायचं, तेही घटकाभर. कधी दादा कळमनुरीच्या बाजारात असायचे, कधी पेटी लावेपर्यंत ऊन जायचं. तिकडं विलायतेत मोठी लढाई सुरू झाली आणि प्लेटी मिळेनाशा झाल्या. लग्नाचे फोटो घेणंही त्यांनी हळूहळू बंद केलं. शेवटची एक प्लेट मात्र काळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवली, शिखरासाठी.

नांदेडचे एक फोटोवाले पाहुणे म्हणून आले होते. ते हसले. "येवढं काय त्यात? कागदावर आभाळाच्या जागी शाईचा हात फिरवा. शिखर असं उठून दिसंल."

दादा म्हणाले, "मग ते माझ्या शाईचं आभाळ. त्या दिवशी ते तसं नव्हतं."

पाहुण्यांनी माझ्या सासऱ्यांकडे बघून डोळे मिचकावले. मला त्यांचा राग आला होता.

आता गोदावैनींचं सांगते. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, जिभेला धार. त्यांचा एक नेम होता. सकाळी आंघोळ करून ओट्यावर यायचं, शिखराकडे बघून हात जोडायचे, आणि मगच तोंडात पाणी घालायचं. देवळात रोज जायला बाईमाणसाला जमत नाही, आणि महिन्याचे चार दिवस तर पायरीही चढायची नाही. पण शिखर बघायला कुणाला बंदी नसते. ज्यांना देवळात घेत नव्हते ती माणसंही बोळीच्या तोंडाशी थांबून शिखरालाच हात जोडायची. वैनी म्हणायच्या, "गाभाऱ्यात बसतो तो पुजाऱ्यांचा. वर उभा हाय तो समद्यांचा." पोटी मूलबाळ नव्हतं. त्यांचं काय ते बोलणं त्या शिखराशी चालायचं, असं मला वाटे.

दादांना या नेमाची गंमत वाटायची. ते स्वतः कधी हात जोडत नसत. आणि वैनींना दादांच्या फोटोची गंमत. तो बिनशिखराचा कागद समोर धरून त्या म्हणायच्या, "अवो, देवाला डोस्कंच न्हाई तुमच्या. असा देव आमच्या काय कामाचा?" एकदा दादांनी आग्रह करून त्यांना काळ्या कापडात शिरायला लावलं. आतल्या काचेवर चित्र उलटं पडतं, हे सांगायचं राहिलं. वैनी तिरासारख्या बाहेर आल्या. "उलटा टांगलाय की हो देवाला! सरळ करा आधी!" दादा हसून हसून ओट्यावरच बसले. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

मग ते वाईट वर्ष आलं. निझामाचं राज्य जाण्याआधीचं. देश स्वतंत्र झाला होता आणि आम्ही मधेच लटकलेलो. गावोगाव दहशत, आज या गावात जाळपोळ, उद्या त्या. माणसं बायकालेकरांना गाडीत घालून पैनगंगा ओलांडत होती. नदीपलीकडे वऱ्हाडात राज्य वेगळं, तिथं जीव सुरक्षित. माझ्या मामांची पलीकडे पुसदच्या बाजूला एका वाडीवर शेती होती. आमचं जायचं ठरलं आणि दादा-वैनींनीही आमच्याबरोबर यावं असं सासरे म्हणाले.

वैनी नाही म्हणाल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "तुमी जा. मी शिखर सोडून येत न्हाई. तिथं मी जेवनार कशी?"

दादांनी समजावलं, सासऱ्यांनी समजावलं. देव सगळीकडे असतो वगैरे जे सांगायचं ते सांगून झालं. वैनी म्हणाल्या, "असंल. पन मी शब्द याला दिलाय." त्यांना एकटं टाकून दादा जाणार नव्हते. म्हणजे एका बाईच्या नेमापायी दोन जीव तिथं राहणार, आणि काय होईल ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. दादा दिवसभर वर बघत बसायचे. उन्हाळ्याचं आभाळ, ढगाचा एक तुकडा नाही.

निघायच्या आदल्या दुपारी मी काही विचारायला त्यांच्याकडे गेले. वैनी माझ्या सासूबाईंजवळ बसल्या होत्या. दादांनी दार लोटून घेतलं होतं. फटीतून पाहिलं, तर ते पाटावर देवळाच्या फोटोचा दुसरा एक कागद ठेवून वाकले होते, हातात बारीक कुंचला, बाजूला शाईची दौत. मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी आल्या पावली परतले. अंगावरचं वस्त्र उतरवताना एखाद्याला पाहावं तसं मला झालं.

संध्याकाळी ते वैनींना म्हणाले, "चल. शिखराची सोय केलीय मी." वैनींनी उठून लुगडी बांधायला घेतली. नवऱ्यानं आयुष्यात फसवलेलं नव्हतं, त्यामुळे आणखी काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

निघायच्या सकाळी वैनींनी ओट्यावरून शेवटचा नमस्कार केला. पैनगंगेला पाणी कमी होतं, गाड्या सहज पार झाल्या. दुसऱ्या दिवशी वाडीवर मामांच्या गोठ्याशेजारी बायका चुलीपाशी जमल्या. वैनी आंघोळ करून दादांपुढं उभ्या राहिल्या. दादांनी ट्रंकेतून कागद काढला. मीही बघितला. काय सांगू, सुंदर होता. काळं दाटलेलं आभाळ आणि त्यात शिखर लख्ख, कळसासकट.

वैनींनी तो काठाला धरून पुष्कळ वेळ पाहिला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "झ्याक झालंय. हे आभाळ कुठल्या दिवसाचं हाय?"

दादा म्हणाले, "शाईचं हाय, गोदे."

"मला वाटलंच." त्यांनी कागद परत दिला. आवाजात राग नव्हता. "लोकाच्या पोरीचे व्रन पुसले न्हाईत तुमी. माझ्यापायी काहून पुसापुशी करून राहिले?"

"तू उपाशी राहशील."

"कोन म्हनतं?" वैनींनी आपलं बोचकं सोडलं. लुगड्याच्या घडीतून त्यांनी तो जुना कागद काढला. बिनडोक्याच्या देवळाचा, ज्याची त्यांनी वर्षानुवर्षं टर उडवली होती तो. दादांनी कधीच टाकून दिलेला, त्यांनी जपून ठेवलेला. "यात हाय की. तुमीच सांगता न्हवं, पांढऱ्यात पांढरं हाय, म्हनून दिसत न्हाई. न्हाई असं थोडंच हाय?"

कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी बोट टेकवलं. जिथं काळा दगड संपतो तिथून. पहाटेपासून सगळ्यांसाठी हळद-मिरची वाटत होत्या, आंघोळ झाली तरी बोटाचा पिवळेपणा गेला नव्हता. "हितून चढतं. हितं आत जातं. हितून निमुळतं. अन् हा कळस." कोऱ्या कागदावर त्यांनी पूर्ण शिखर बोटानं फिरवलं, हात जोडले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. काठाला धरा म्हणून ओरडणारे दादा समोर उभे होते. त्यांनी ते बोट अडवलं नाही.

वाडीवर रोज सकाळी तसंच झालं. आम्ही बायका थांबायचो, वैनींचं हळदीचं बोट कळसाला पोचेपर्यंत. मग जेवणं. दादा आधी लांब उभे राहायचे, पुढं पुढं जवळ येऊन बसू लागले.

पावसाळ्यात त्या भागात पटकी आली. वैनींना रात्री लागण झाली आणि सकाळी त्या ओळखू येईनात. डोळे आत गेलेले, हात उचलवेना. तोंडाला पाणी लावलं तर ओठ मिटून घेत. नेम झाला नव्हता. दादांनी तो कागद आणला, वैनींचं बोट आपल्या हातात घेतलं आणि काळ्या दगडापासून वर फिरवत नेलं. मी उशाशी होते. दादा म्हणत होते, "हितून चढतं, गोदे. हितं आत जातं. आलाच बघ कळस." वैनी घोटभर पाणी प्यायल्या. दुपारी गेल्या. आईच्या वेळी मला जेवढं रडू आलं नाही तेवढं मी त्या दिवशी रडले.

निझामाचं राज्य गेलं आणि आम्ही औंढ्याला परतलो. दादा बरोबर होते, पण बोलत नसत. जाता येता वर बघायचं मात्र सुटलं नव्हतं, ती मानेची सवयच होती. परतीचा पाऊस चालू होता. एका संध्याकाळी मी दाणे निवडत ओट्यावर बसले होते आणि एकदम बोळ उजळली. वर पाहिलं, तर उगवतीला काळंकुट्ट आभाळ आणि मावळतीचं ऊन थेट शिखरावर. मी हातातलं सूप टाकून ओरडले, "दादा! आभाळ आलं!"

ते आले. घाई केली नाही. पेटी लावली, डब्यातली ती शेवटची प्लेट काढली, कापडात शिरले. पेटीचं झाकण उघडलं, मिटलं, झालं. इतक्या वर्षांनी जुनी झालेली ती काच दगा देईल असं त्यांना वाटत होतं, पण तिनं दगा दिला नाही. शिखर आलं. खरं आभाळ, खरं ऊन, खरं शिखर. गावानं डोक्यावर घेतलं. ज्यांनी पेटीवर बंदी घातली होती त्यांनीच आपल्या घरात लावायला तो फोटो मागून नेला. माझ्याही भिंतीवर तो आहे. अजूनही येणारा जाणारा म्हणतो, काय फोटो आहे!

दादांच्या घरात तो नव्हता.

त्याच वर्षी माझ्या यजमानांचं हिंगोलीला बिऱ्हाड करायचं ठरलं. निघायच्या सकाळी मी दादांना नमस्कार करायला गेले. ते दाराच्या आतल्या बाजूला, सावलीत बसले होते. समोर झाकलेलं ताट. मांडीवर प्लेटी ठेवायचा तो काळा डबा. मला वाटलं आता यात काय असणार, प्लेटी तर संपल्या. त्यांनी डबा उघडून आतला कागद माझ्याकडे दिला. तोच होता. बिनशिखराचा.

बिनशिखराचा नव्हता. काळ्या दगडाच्या वर, कोऱ्या पांढऱ्या आभाळात, हळदीच्या बोटांनी एक शिखर उमटलं होतं. फिकट पिवळं, कडेला जरा थरथरलेलं, पण चढण बरोबर, निमुळतेपण बरोबर, आणि वर कळसाच्या जागी बोट रोज थांबलेलं, तिथं डाग जास्त गडद.

"भिंतीला का नाही लावला, दादा?" मी विचारलं.

"हळद उजेडानं उडते," ते म्हणाले. सगळा जन्म उजेडाच्या मागं गेलेला माणूस. "डब्यात ठेवतो. सकाळी येकदा बघतो. मग जेवतो."

मला समोरचं दिसेना. डोळे पुसायला मी एक हात सोडला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा नकळत कागदावर आत सरकला. दादांनी पुढं होऊन माझं मनगट धरलं, हळूच.

"काठाला धर, सुंदरे," ते म्हणाले. "मधी तिचा हात हाय."